लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमधल्या साइट फोनवर नावाने उघडणे: स्वतःचा डीएनएस आणि अडणाऱ्या जागा

उंबरठा (धागाकर्ता)

मांडणी अशी धरू. लॅपटॉपवर लिनक्स, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्रॅम), त्यात एक उबुंटू सर्व्हर, आणि त्या सर्व्हरवर तीन साइट: दुकान.टेस्ट, एपीआय.दुकान.टेस्ट, ॲडमिन.दुकान.टेस्ट. लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये (तिथे नाव आणि त्याचा आयपी पत्ता यांच्या जोड्या असतात) तीन ओळी घातल्या की लॅपटॉपवर तिन्ही उघडतात. फोनवर तो मार्ग बंद आहे, कारण रूट न केलेल्या अँड्रॉइडवर आणि आयफोनवर होस्ट्स फाइलला हात लावता येत नाही.

फोनवर सरळ आयपी टाकून भागत नाही. एका आयपीवर तीन साइट असतील तर कुठली द्यायची हे सर्व्हर नाव बघून ठरवतो. उपनावांमध्ये वाटलेली लॉगिनची कुकी आयपीवर चालत नाही. शिवाय कॅमेरा, लोकेशन, सर्व्हिस वर्कर (साइटची पार्श्वभूमीला चालणारी स्क्रिप्ट) यांना ब्राउझर एचटीटीपीएस मागतो. म्हणून घरच्या वाय-फायवर स्वतःचा छोटा डीएनएस (नाव विचारलं की आयपी सांगणारी सेवा) हवा.

या कामाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवले की निम्मा घोळ मिटतो. एक, नाव: फोनने विचारलं की योग्य आयपी मिळाला पाहिजे. दोन, वाट: त्या आयपीपर्यंत फोन पोचला पाहिजे. बहुतेक जण नावाच्या मागे लागतात आणि अडलेलं असतं वाटेत. म्हणून आधी वाट.

व्हर्च्युअलबॉक्सचं नेटवर्क मुळात 'नॅट' असतं. त्यात मशीनला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, जो लॅपटॉपबाहेर कुणालाच दिसत नाही. 'होस्ट-ओन्ली' घेतलं तर १९२.१६८.५६ ची मालिका मिळते. ती लॅपटॉपला दिसते, फोनला नाही. 'ब्रिज्ड' घेतलं तर मशीनला राउटरकडूनच पत्ता मिळतो आणि फोन थेट पोचतो.

तरीही माझी शिफारस ब्रिज्डची नाही. मशीन होस्ट-ओन्लीवरच ठेवा (समजा १९२.१६८.५६.१०), लॅपटॉपवर एनजिनएक्स (विनंत्या पुढे वळवू शकणारा वेब सर्व्हर) बसवा आणि पोर्ट ८० व ४४३ वर येणारं सगळं त्या पत्त्याकडे वळवा. मग डीएनएसला एकच पत्ता सांगायचा, लॅपटॉपचा. उद्या दुसरं मशीन किंवा डॉकर आलं तरी डीएनएस तसाच राहतो, फक्त एनजिनएक्समध्ये एक तुकडा वाढतो. वळवताना मूळ होस्ट हेडर (कुठल्या नावाची साइट मागितली ते सांगणारी ओळ) पुढे पाठवायला विसरू नका. ती ओळ घालायची राहून गेली तर तिन्ही नावांवर एकच साइट दिसते.

लॅपटॉपचा पत्ता हलता कामा नये. राउटरच्या डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) पानावर लॅपटॉपच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाची ओळख) आयपी राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.५०. त्या वाय-फायपुरता लॅपटॉपचा 'रँडम मॅक' बंद करा, नाहीतर राखीव जागा त्याला मिळणार नाही.

आता नाव. डीएनएसमास्क (छोटा डीएनएस सर्व्हर) बसवा आणि त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये एवढं लिहा (इथे वाचायला देवनागरीत दिलंय, फाइलमध्ये सगळं रोमन लिपीत आणि रोमन आकड्यांत):

लिसन-ॲड्रेस=१९२.१६८.१.५०
बाइंड-इंटरफेसेस
नो-रिझॉल्व्ह
सर्व्हर=१.१.१.१
ॲड्रेस=/टेस्ट/१९२.१६८.१.५०

शेवटच्या ओळीने टेस्टने संपणारं प्रत्येक नाव, कितीही उपनावं असली तरी, लॅपटॉपकडे येतं. नो-रिझॉल्व्ह आणि सर्व्हर या दोन ओळींमुळे बाकीचे प्रश्न बाहेर जातात आणि डीएनएसमास्क स्वतःलाच विचारत गोल फिरत नाही. लिसन-ॲड्रेस आणि बाइंड-इंटरफेसेस नसतील तर लिनक्सच्या स्वतःच्या नाव शोधणाऱ्या सेवेशी, सिस्टमडी-रिझॉल्व्हडशी, टक्कर होते, कारण तो १२७.०.०.५३ वर पोर्ट ५३ धरून बसलेला असतो.

फायरवॉलमध्ये ५३ हा यूडीपी आणि टीसीपी (डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती) दोन्हींसाठी उघडा, शिवाय ८० आणि ४४३.

फोनवर, अँड्रॉइड: वाय-फायच्या त्या नेटवर्कचे तपशील, बदल, आयपी सेटिंग 'स्टॅटिक'. आयपी, गेटवे, प्रीफिक्स २४ हेही भरावं लागतं. फोनला आत्ता मिळालेला आयपी आधी बघून तोच टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाशी टक्कर होण्याची शक्यता कमी. डीएनएस १ मध्ये १९२.१६८.१.५०. आयफोन: वाय-फाय, नेटवर्कपुढचं आय चिन्ह, 'कॉन्फिगर डीएनएस', 'मॅन्युअल', जुने पत्ते काढून आपला घाला.

अडेल ते इथे लिहा.

तांब्याची_तार

चांगली मांडणी. एक भर आणि एक दुरुस्ती.

भर: डीएनएस २ ची जागा. तिथे ८.८.८.८ टाकण्याचा मोह होतो, 'लॅपटॉप बंद असला तरी नेट चालेल' म्हणून. टाकू नका. दुसरा डीएनएस हा पहिला पडल्यावरच वापरायचा राखीव गडी असतो, ही समजूत चूक आहे. फोन दोघांपैकी कुणालाही विचारू शकतो, आणि बाहेरच्या डीएनएसने 'असं नाव नाही' म्हटलं की ते उत्तर तो खरं धरतो. साइट कधी उघडते, कधी नाही, ही तक्रार आली की पहिल्यांदा हीच जागा बघावी.

दुरुस्ती: ॲड्रेस ओळीच्या जोडीला आणखी एक ओळ हवी.

लोकल=/टेस्ट/

डीएनएसमास्क २.८६ पासून वागणूक बदलली आहे. आधी ॲड्रेस ओळीत फक्त आयपीव्ही४ दिला आणि फोनने क्वाड-ए, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता विचारला, तर डीएनएसमास्क 'नाव आहे, पण हा प्रकार नाही' असं सांगायचा. २.८६ पासून तो तेवढा प्रश्न बाहेर पाठवतो. बाहेरून उत्तर येतं की 'टेस्ट' नावाचं काही अस्तित्वातच नाही. म्हणजे एकाच नावाबद्दल फोनला दोन उलट उत्तरं मिळतात. आयफोन तर एचटीटीपीएस प्रकारची नोंदही विचारतो, तोही प्रश्न बाहेर जातो. लोकल ओळ घातली की जुनी वागणूक परत येते.

नाचणी

शंका. वरचं सगळं लोकल ओळीसकट केलं. फोनवर एपीआय.दुकान.टेस्ट लगेच उघडतं, पण नुसतं दुकान.टेस्ट नुसतं फिरत राहतं आणि शेवटी 'वेळ संपली' येतं. एनजिनएक्सच्या नोंदींत त्या नावाची विनंती आलेलीच नाही. दोन्ही एकाच ॲड्रेस ओळीतून जातात, मग फरक का?

तांब्याची_तार

@नाचणी, लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये दुकान.टेस्टची जुनी ओळ १९२.१६८.५६.१० सकट अजून आहे का? डीएनएसमास्क सुरू होताना होस्ट्स फाइलही वाचतो, आणि एखाद्या नावाची नोंद तिथे असेल तर ती ॲड्रेस ओळीवर मात करते. म्हणून फोनला होस्ट-ओन्ली पत्ता मिळतोय. नाव सापडलं, वाट नाही. एपीआयची ओळ होस्ट्समध्ये नसणार, म्हणून ते चालतंय.

कॉन्फमध्ये 'नो-होस्ट्स' घाला आणि डीएनएसमास्क पुन्हा सुरू करा. लॅपटॉपसाठी होस्ट्समधल्या ओळी राहू द्या, त्या तिथे उपयोगीच आहेत.

नाचणी

बरोबर, तीच ओळ होती. नो-होस्ट्सने सुटलं. धन्यवाद.

सांजवात

आता अँड्रॉइडच्या तीन जागा, जिथे फोन तुमच्या डीएनएसला विचारतच नाही. तुम्ही लॅपटॉपवर नोंदी बघत बसता आणि तिथे काहीच येत नाही.

पहिली, 'प्रायव्हेट डीएनएस'. अँड्रॉइड ९ पासून हे आहे. 'ऑटोमॅटिक' असेल तर फोन तुमच्याच डीएनएसवर पोर्ट ८५३ चाचपतो, तिथे काही नसलं की साध्या ५३ वर येतो, म्हणजे अडचण नाही. पण तिथे कुणा पुरवठादाराचं नाव लिहिलेलं असेल (जाहिराती अडवायला बरेच जण लिहितात), तर वाय-फायमध्ये भरलेला डीएनएस बाजूला पडतो आणि सगळे प्रश्न तिकडे जातात. चाचणीपुरतं 'ऑफ' करा.

दुसरी, क्रोमचं स्वतःचं 'सिक्युअर डीएनएस'. प्रायव्हसी आणि सुरक्षेच्या पानात. तिथे ठरावीक पुरवठादार निवडलेला असेल तर फोनचं सेटिंग बरोबर असूनही क्रोम वेगळीकडे विचारतो.

तिसरी जागा सगळ्यात चकवणारी: आयपीव्ही६. आपल्याकडच्या फायबर जोडण्यांवर आयपीव्ही६ बहुधा चालू असतं. राउटर आपल्या जाहिरातीतून (नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांना तो पाठवतो त्या घोषणेतून) आयपीव्ही६ चा डीएनएस पत्ताही वाटतो. अँड्रॉइडमध्ये 'स्टॅटिक' केलं तरी ते फक्त आयपीव्ही४ पुरतं असतं. आयपीव्ही६ चा पत्ता आणि डीएनएस फोन राउटरकडूनच घेतो आणि यादीत जोडतो. म्हणजे डीएनएस २ रिकामा ठेवूनही दुसरा डीएनएस मागच्या दाराने आत आलेलाच असतो. राउटरमध्ये आयपीव्ही६ किंवा निदान त्यातली डीएनएसची जाहिरात बंद करून बघा. पुरवठादाराने दिलेल्या पेटीत ते पान कुलूपबंद असेल, तर मागे आपला एक साधा राउटर लावून फोन आणि लॅपटॉप दोन्ही त्यावर घ्या.

आयफोनवर 'प्रायव्हेट रिले' चालू असेल तर सफारीचे प्रश्न ॲपलच्या वाटेने जातात. त्या वाय-फायच्या पानावर 'लिमिट आयपी ॲड्रेस ट्रॅकिंग' बंद केलं की त्या नेटवर्कपुरता रिले थांबतो.

खडीसाखर

नावाच्या शेवटाबद्दल. धाग्यात टेस्ट घेतलंय ते योग्यच, पण बाकीचे का नकोत तेही नोंदवू या, कारण जुन्या प्रकल्पांत ते हमखास भेटतात.

'डेव्ह' नको. ते गूगलच्या ताब्यातलं खरं, विकत मिळणारं नाव आहे, आणि सगळं डेव्ह ब्राउझरांच्या एचएसटीएस यादीत (फक्त एचटीटीपीएसने उघडायच्या नावांची यादी) आधीच घातलेलं आहे. २०१७ च्या शेवटी क्रोम ६३ आल्यापासून साधं एचटीटीपी तिथे उघडतच नाही. 'ॲप'चंही तसंच.

'लोकल' नको. ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखलेलं आहे. आयफोन ते नाव तुमच्या डीएनएसला न विचारता आधी नेटवर्कवर हाक मारून शोधतो.

'लोकलहोस्ट' तर नकोच, कारण फोनसाठी त्याचा अर्थ फोन स्वतः.

'टेस्ट' १९९९ पासून चाचणीसाठी राखीव आहे आणि कधीच कुणाला विकलं जाणार नाही. 'होम.आर्पा' २०१८ पासून घरगुती नेटवर्कसाठी आहे, तेही चालतं, फक्त लांब आहे.

नाचणी

आता एचटीटीपीएस. एमकेसर्टने (घरच्या घरी चाचणीची प्रमाणपत्रं काढणारं साधन) तारा.टेस्ट (म्हणजे टेस्टच्या आधी तारा चिन्ह) असं एकच प्रमाणपत्र काढलं तर सगळ्या नावांना पुरेल ना?

उंबरठा

@नाचणी, नाही पुरणार. टेस्टच्या थेट आधी तारा असलेलं प्रमाणपत्र बरेच ब्राउझर मानत नाहीत, एमकेसर्ट स्वतःच तशी सूचना देतो. आणि तारा एकाच पायरीला लागू पडतो. तुमच्यासाठी प्रमाणपत्रात दोन नावं घाला: दुकान.टेस्ट आणि तारा.दुकान.टेस्ट. एपीआय आणि ॲडमिन दोन्ही त्यात बसतात. उद्या व्ही२.एपीआय.दुकान.टेस्ट असं काही केलंत तर ते बसणार नाही.

प्रमाणपत्र लॅपटॉपच्या एनजिनएक्सवर लावा. आतल्या मशीनपर्यंत साधं एचटीटीपी चालेल, फक्त मूळ विनंती एचटीटीपीएस होती हे सांगणारं 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हेडर पाठवा. ते नसेल तर जी साइट एचटीटीपीची विनंती एचटीटीपीएसकडे वळवते, ती स्वतःकडेच वळत राहते आणि ब्राउझर 'फार वेळा वळवलं' म्हणून थांबतो.

फोनला एमकेसर्टची मूळ प्रमाणपत्र फाइल द्यावी लागते. ती कुठे आहे ते 'एमकेसर्ट -कॅरूट' सांगतो. त्या फोल्डरमध्ये दोन फाइली असतात. फोनवर फक्त 'रूटसीए.पेम' न्यायची. जिच्या नावात 'की' आहे ती लॅपटॉपबाहेर कधीही जाऊ देऊ नका. ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या फोनला कुठल्याही साइटचं खोटं प्रमाणपत्र पटवू शकतो. काम संपलं की फोनवरून मूळ प्रमाणपत्र काढून टाका.

आयफोनवर दोन पायऱ्या आहेत आणि दुसरी राहून जाते. आधी प्रोफाइल बसवायचं. मग सेटिंग्ज, जनरल, अबाउट, अगदी खाली 'सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज', तिथे त्या नावापुढची कळ चालू करायची. तोवर सफारी इशारा देत राहणार.

अँड्रॉइड ११ पासून नुसती फाइल उघडून ती बसत नाही. सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या पानात, प्रमाणपत्र बसवा, 'सीए सर्टिफिकेट', असं जावं लागतं. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात.

सांजवात

यात भर: अँड्रॉइडवर क्रोम हे प्रमाणपत्र मानतो, पण इतर ॲप नाही. अँड्रॉइड ७ पासून ॲप फक्त यंत्रणेची प्रमाणपत्रं धरतात. तुम्ही स्वतःचं ॲप तपासत असाल तर त्याच्या नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये 'डीबग-ओव्हरराइड्स'खाली 'यूजर' प्रमाणपत्रांना परवानगी द्या. ती फक्त डीबग बिल्डला लागू होते, म्हणून बाजारात जाणाऱ्या बिल्डमध्ये भोक राहत नाही. पडताळणीच बंद करणारा कोड लिहू नका. तो कधीतरी बाहेर जातोच.

नाचणी

मशीनच्या आत वीट (Vite, वेब ॲप बनवताना वापरायचा चाचणी सर्व्हर) चालवतोय. नाव सापडतं, प्रमाणपत्र हिरवं, पण पानावर 'ही विनंती अडवली, हा होस्ट मान्य नाही' असा मजकूर येतो.

तांब्याची_तार

तो वीटचाच आहे, नेटवर्क सगळं ठीक आहे. २०२५ च्या सुरुवातीच्या सुरक्षा दुरुस्तीपासून वीट अनोळखी नावाच्या विनंत्या नाकारतो. सर्व्हर विभागातल्या 'अलाउडहोस्ट्स'मध्ये '.दुकान.टेस्ट' लिहा, सुरुवातीच्या टिंबासकट, म्हणजे उपनावंही येतात. सरसकट 'ट्रू' लिहून मोकळे होऊ नका, त्याने ती राखणच निघून जाते. जँगो आणि रेल्स या वेब चौकटींतही हेच आहे: जँगोमध्ये हीच गोष्ट 'अलाउड_होस्ट्स', रेल्समध्ये 'कॉन्फिग.होस्ट्स'.

वीट मुळात फक्त लोकलहोस्टवर ऐकतो, तेव्हा 'होस्ट' हा पर्याय दिलाच असणार. आणि बदल केल्यावर पान आपोआप ताजं होत नसेल, तर एनजिनएक्समध्ये वेबसॉकेटसाठी 'अपग्रेड' आणि 'कनेक्शन' ही दोन्ही हेडर पुढे पाठवा, सोबत एचटीटीपीची आवृत्ती १.१.

वर्डप्रेसवाल्यांसाठी: डेटाबेसमध्ये 'साइटयूआरएल' आणि 'होम' इथे जुना लोकलहोस्टचा पत्ता राहिला असेल तर फोन पहिल्या पानानंतर तिकडे फेकला जातो.

खडीसाखर

तपासण्याचा क्रम ठरवून ठेवला तर अंदाजपंचे बदल करावे लागत नाहीत.

फोनच्या ब्राउझरमध्ये आधी एचटीटीपीने थेट १९२.१६८.१.५० टाका. एनजिनएक्सचं काहीही पान आलं, अगदी चुकीचं, तरी वाट मोकळी आहे. काहीच आलं नाही तर डीएनएसला हात लावू नका. फायरवॉल बघा, फोन 'गेस्ट' वाय-फायवर आहे का बघा, राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' चालू आहे का बघा. ते चालू असलं की वाय-फायवरची दोन यंत्रं एकमेकांना दिसतच नाहीत. कार्यालयं, वसतिगृहं, हॉटेलं इथे ते जवळजवळ नेहमी चालू असतं.

वाट मोकळी असेल तर डीएनएसमास्कमध्ये 'लॉग-क्वेरीज' घाला आणि फोनवर कधीही न वापरलेलं नाव उघडा, समजा अबक१.दुकान.टेस्ट. नवं नाव यासाठी, की जुन्याचं 'नाही' हे उत्तर फोनने साठवलेलं असू शकतं. नोंदीत प्रश्न दिसला नाही तर फोन दुसरीकडे विचारतोय, सांजवात यांचा प्रतिसाद बघा. प्रश्न दिसला आणि उत्तर चुकीचं असेल तर ॲड्रेस ओळ बघा; हे नवं नाव बरोबर आलं पण जुनंच चुकत असेल तर होस्ट्स फाइल. उत्तर बरोबर असेल तर पुढचं सगळं एनजिनएक्स आणि ॲपचं.

साठवलेलं उत्तर काढायला फोनचं वाय-फाय बंद-चालू करा. क्रोम तरीही अडला तर पूर्ण बंद करून उघडा.

आणखी एक: डीएनएसमास्कचे बाहेरचे प्रश्न अडले तर अँड्रॉइडला वाटतं या वाय-फायवर इंटरनेट नाही आणि तो गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो. चाचणी करताना मोबाइल डेटा बंद ठेवा, म्हणजे खरं चित्र दिसेल.

नाचणी

कार्यालयात आयसोलेशन चालू आहे आणि ते बदलणं आमच्या हातात नाही. फोनचाच हॉटस्पॉट करून लॅपटॉप त्यावर घेतला तर?

तांब्याची_तार

लॅपटॉप आणि फोन एकमेकांना दिसतील, पण नाव सापडणार नाही. हॉटस्पॉट देणारा फोन स्वतःचे प्रश्न मोबाइल कंपनीच्या डीएनएसला विचारतो. वाय-फायमध्ये भरलेला डीएनएस तिथे लागूच होत नाही. दुसरा फोन त्या हॉटस्पॉटवर जोडून तपासायचा असेल तर चालेल.

उलटं करा: लॅपटॉपचा हॉटस्पॉट आणि फोन त्यावर. लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर हॉटस्पॉट देताना स्वतःचाच एक डीएनएसमास्क चालवतो आणि लॅपटॉपला सहसा १०.४२.०.१ हा पत्ता देतो. त्याच्या 'डीएनएसमास्क-शेअर्ड.डी' फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवा: ॲड्रेस=/टेस्ट/१०.४२.०.१, खाली लोकल=/टेस्ट/ आणि नो-होस्ट्स. हॉटस्पॉट बंद करून चालू केला की झालं. फोनवर काहीच भरावं लागत नाही, डीएचसीपीतूनच योग्य डीएनएस जातो. आयसोलेशन असो, आयपीव्ही६ असो, राउटर कुणाचाही असो, यातलं काही आड येत नाही. मला विचाराल तर घरीसुद्धा हीच मांडणी जास्त भरवशाची आहे. अट एवढीच की लॅपटॉपला इंटरनेट तारेने किंवा दुसऱ्या वाय-फाय कार्डाने मिळालं पाहिजे.

सांजवात

फोन मोबाइल डेटावर असताना तपासायचं असेल (संथ जोडणीवर पान कसं दिसतं वगैरे), तर टेलस्केल (आपल्या यंत्रांना इंटरनेटवरून एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं साधन). लॅपटॉप आणि फोन दोन्हींवर बसवा, त्याच्या डीएनएस पानावर लॅपटॉपचा १०० ने सुरू होणारा पत्ता नेमसर्व्हर म्हणून घाला आणि तो फक्त 'टेस्ट'पुरता मर्यादित करा. बाकीचे प्रश्न नेहमीच्या वाटेने जातात, त्यामुळे लॅपटॉप बंद असला तरी फोनचं नेट अडत नाही. ॲड्रेस ओळीतही तोच १०० चा पत्ता हवा.

इथे उंबरठा यांच्या कॉन्फमधल्या दोन ओळी बदला. लिसन-ॲड्रेस ऐवजी 'इंटरफेस=टेलस्केल०' आणि बाइंड-इंटरफेसेस ऐवजी 'बाइंड-डायनॅमिक'. लॅपटॉप सुरू होताना टेलस्केलचा इंटरफेस डीएनएसमास्कच्या नंतर उभा राहतो. बाइंड-डायनॅमिक असेल तर तो आल्यावर डीएनएसमास्क त्यावर ऐकू लागतो. नसेल तर 'काल चालत होतं, आज रीस्टार्टनंतर बंद' अशी गत होते.

खडीसाखर

विंडोजवर डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) मध्ये डीएनएसमास्क चालवणाऱ्यांना एक सूचना. डब्ल्यूएसएल२ मुळात नॅटमागे असतं. बरेच जण 'नेटश पोर्टप्रॉक्सी'ने पोर्ट बाहेर काढतात. ८० आणि ४४३ ला ते चालतं, पण पोर्टप्रॉक्सी फक्त टीसीपी वाहतो आणि डीएनएसचे प्रश्न मुख्यतः यूडीपीवर येतात. त्यामुळे साइट आयपीने उघडते आणि नावाने कधीच नाही. विंडोज ११ च्या २२एच२ पासून डब्ल्यूएसएलला 'मिरर्ड' नेटवर्क आहे, ते घ्या. किंवा डीएनएसपुरता विंडोजवरच ॲक्रिलिक (विंडोजसाठीचा छोटा डीएनएस) चालवा आणि बाकीचं डब्ल्यूएसएलमध्ये राहू द्या.

नाचणी

हॉटस्पॉटची मांडणी केली. तिन्ही नावं अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर एचटीटीपीएसने उघडतात. फक्त हॉटस्पॉटवर एनजिनएक्स सुरुवातीला उत्तर देत नव्हता, कारण त्याच्या 'लिसन' ओळीत १९२.१६८.१.५० पक्का लिहिला होता. नुसतं 'लिसन ४४३ एसएसएल' ठेवल्यावर दोन्ही नेटवर्कवर चालू झालं.